जुगाराचे कर्ज फेडण्याआधी

नाशिकमधल्या सातपूरच्या एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसून मी सतरा वर्षे अर्ज वाचले. घरदुरुस्ती, मुलीचे शिक्षण, आईचे ऑपरेशन अशी कारणे अर्जावर लिहिलेली असत आणि बहुतेकांची ती खरीही असत. काही अर्ज मात्र वेगळे असत. एकच कर्जदार वर्षभरात तिसऱ्यांदा येई, जामीनदार दर वेळी नवा असे, आणि सोबत आलेला भाऊ किंवा सासरा खाली मान घालून म्हणे, "साहेब, हे शेवटचं. एकदा सगळं मिटवून टाकू, म्हणजे तो मोकळा होईल." तो मोकळा होत नसे. मिटवलेल्या कर्जाच्या जागी सहा-आठ महिन्यांत तेवढेच नवे कर्ज उभे राही आणि या वेळी त्यात जामीनदारही अडकलेला असे.

हा लेख त्या भावासाठी, सासऱ्यासाठी, पत्नीसाठी आणि स्वतः खेळणाऱ्यासाठीही आहे. आधी पैशाच्या वाटा बंद कराव्यात, मग उपचार सुरू करावेत आणि त्यानंतरच कर्जफेडीला हात घालावा, एवढाच क्रम मला सांगायचा आहे. घरोघरी तो नेमका उलटा चालतो, कारण दारात उभा असलेला सावकार दिसतो आणि घरातला आजार दिसत नाही.

नुकसान नेमके कशाने होते

मटका नाशिककरांना समजावून सांगावा लागत नाही. मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर पैजा लागत. तो मार्ग बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आकडे काढण्याची पद्धत रुजवली. बाजार उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव यांवरून आलेले 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तेवढे मागे राहिले. तीन आकडे काढायचे, समजा २, ५ आणि ९. बेरीज १६, तिचा शेवटचा अंक ६, म्हणजे ओपन सहा. नंतर पुन्हा तीन आकडे, १, ३ आणि ४, बेरीज ८. जोडी झाली ६८. अशा शंभर जोड्या असतात आणि लागलेल्या जोडीला साधारण नव्वदपट भाव मिळतो. सगळ्या जोड्यांवर दहा-दहा रुपये लावणारा माणूस हजार रुपये घालतो आणि नऊशे परत घेतो. मधले शंभर कोणी फसवून नेलेले नसतात, ते भावातच कापलेले असतात. त्यामुळे 'आपला बुकी प्रामाणिक आहे' या समाधानाला काही अर्थ नाही. प्रामाणिक बुकीकडेही एवढेच होते.

दहा टक्के तोटा फार वाटत नाही. पण मिळालेले नऊशे खिशात घालून घरी जाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. ते नऊशे पुन्हा लागतात, त्यांचे सरासरीने आठशे दहा होतात, आणि दहा फेऱ्यांनंतर मूळच्या हजारातले सुमारे साडेतीनशे उरतात. मटक्यात निदान दोन निकालांच्या मध्ये काही तास जातात. मोबाइलवरच्या रोलेटमध्ये ती उसंतही राहत नाही. शून्य ते छत्तीस असे सदतीस आकडे असतात आणि लागलेल्या आकड्याला लावलेल्या पैशासह छत्तीसपट मिळतात, म्हणजे कापणी जेमतेम २.७ टक्के. कागदावर हा खेळ मटक्यापेक्षा स्वस्त आहे. परंतु मिनिटाला एक याप्रमाणे शंभर-शंभर रुपये लावणारा माणूस सहा तासांच्या एका रात्रीत छत्तीस हजारांची उलाढाल करतो आणि चाक सरळ असले तरी सरासरीने पावणेदहाशे रुपये घालवतो. ज्या ॲपचे चाक कोणी तपासलेले नाही, तिथे हा हिशेबसुद्धा आशावादी म्हणावा लागेल. जुगाराचा धोका मोजताना भाव पाहण्याआधी वेग पाहावा, असे माझे मत आहे.

माणूस थांबत का नाही, याची कारणे मेंदूत आहेत. बक्षीस ठरावीक अंतराने मिळत असते तर कंटाळा आला असता. ते कधी मिळेल हे माहीत नसते, म्हणूनच हात पुन्हा पुन्हा तिकडे जातो. थोडक्यात हुकलेला डाव तर हरल्यापेक्षा जिंकल्यासारखा वाटतो. ६८ लावले आणि ६७ आले, की 'एका घराने चुकलं' ही गोष्ट दिवसभर सांगितली जाते. वास्तविक ६७ आणि ०३ या दोन्ही निकालांत पैसे सारखेच गेलेले असतात. दुसरा भ्रम 'बाकी असलेल्या' आकड्याचा. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रोलेटचे चाक सलग २६ वेळा काळ्यावर थांबले आणि आता लाल येणारच म्हणून लोकांनी प्रत्येक फेरीला पैसे वाढवत नेले. चाकाला मागचे काही आठवत नाही. आपल्याकडच्या टपरीवर चार्ट काढून बसलेल्या माणसाला हे सांगून पाहा, तो तुमच्याकडे दयेने पाहील.

हंगामाचा मुद्दा

नाशिकच्या बाबतीत एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे, कारण बाहेरच्या समुपदेशकाच्या ती लक्षात येत नाही. आपल्या जिल्ह्यात मोठा पैसा हंगामाने येतो. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची काढणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल चालते, व्यापाऱ्याचे पेमेंट एकरकमी हातात पडते, आणि त्याच सुमारास क्रिकेटच्या आयपीएलचे सामने रोज रात्री सुरू असतात. पुढे उन्हाळ कांद्याचे पैसे येतात. सातपूर-अंबडच्या कामगाराला बोनस दिवाळीत मिळतो, आणि बलिप्रतिपदेचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा असल्यामुळे त्या दिवशी पत्ते कुटण्याला घरातल्या वडीलधाऱ्यांचाही आशीर्वाद असतो. काही घरांत श्रावणातले पत्ते हीही रीतच आहे. सणाला नातेवाइकांत दहा-दहा रुपयांची तीन पत्ती खेळणाऱ्या प्रत्येकाला आजारी ठरवण्याची गरज नाही. पण ज्याला हा नाद लागलेला आहे, त्याच्यासाठी पैसा आणि प्रसंग एकाच आठवड्यात येतात, आणि त्याची तयारी त्याआधी महिनाभर करावी लागते.

कसे ओळखावे

दारूला वास असतो, जुगाराला नसतो. म्हणून तोंडाकडे न पाहता खात्याच्या उताऱ्याकडे पाहावे. एका बाईंनी नवऱ्याच्या खात्याचा उतारा माझ्यासमोर ठेवला होता, त्यातली एक रात्र अशी होती. सात तारखेला पगाराचे २३,४०० जमा. रात्री ११.५२ ला २०० रुपये गेले, ११.५८ ला ५००, १२.१० ला पुन्हा ५००. १२.१४ ला २,१५० जमा झाले. त्यानंतर १२.१६ पासून १.४३ पर्यंत १,०००, १,०००, २,०००, ३,००० आणि ५,०००. सकाळी ६.०५ ला मोठ्या दिरांकडून ४,००० जमा. दोन तासांच्या आत ११,०५० रुपये गेले होते, आणि बाईंचे बोट त्या २,१५० वर होते: "इथं तर जिंकलेत ना?" तीच रक्कम त्या रात्रीची सर्वांत महाग रक्कम होती, कारण तिच्यानंतरच लावण्याचा आकडा दुप्पट झाला.

त्या उताऱ्यात आणखी एक खूण होती. पैसे दर वेळी वेगवेगळ्या अनोळखी व्यक्तींच्या किंवा 'ट्रेडर्स', 'एंटरप्रायझेस' अशा नावांवर गेले होते. बेकायदा ॲप स्वतःच्या नावाने पैसे घेत नाहीत; लोकांची भाड्याने घेतलेली खाती त्यासाठी वापरली जातात. अशा खात्यातून 'जिंकलेली' रक्कम आपल्या खात्यात आली आणि ती पुढे एखाद्या सायबर गुन्ह्याशी जोडली गेली, तर आपलेच खाते गोठवले जाते आणि पगार अडकतो. कमिशनच्या मोहाने स्वतःचे खाते, एटीएम कार्ड किंवा सिम कोणाला वापरायला देणारा मुलगा तर थेट आरोपी होऊ शकतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

वैद्यकशास्त्राने जुगाराला आजार म्हणून मान्यता दिली आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात तो दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी ठेवला गेला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही त्याची नोंद आहे. त्या अमेरिकन वर्गीकरणात नऊ लक्षणे दिलेली आहेत आणि वर्षभरात त्यांतली चार आढळली तर निदान होते. तेवढीच मजा यायला अधिक पैसे लावावे लागणे, थांबवले की चिडचिड होणे, थांबण्याचे प्रयत्न फसणे, डोक्यात सतत तोच विषय असणे, मन खचले की खेळायला बसणे, गेलेले पैसे काढायला दुसऱ्या दिवशी परत जाणे, खोटे बोलणे, नोकरी किंवा नाते धोक्यात घालणे आणि पैशासाठी दुसऱ्यांवर भार टाकणे, ही ती नऊ लक्षणे. घरच्या घरी पडताळणीसाठी मात्र दोन प्रश्न पुरतात. अधिकाधिक पैसे लावण्याची गरज तुम्हाला कधी वाटली आहे का, आणि किती खेळता याविषयी जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले आहे का? एकाही प्रश्नाचे उत्तर 'हो' आले, तर तज्ज्ञाला भेटावे. या सगळ्यांत 'लॉस कव्हर करायचाय' हे वाक्य मला सर्वांत धोक्याचे वाटते.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. पार्किन्सनच्या आजारावरची प्रॅमिपेक्झोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे आणि मनोविकारात वापरले जाणारे ॲरिपिप्राझोल यांमुळे काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण होते. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेले आजोबा अचानक लॉटरीची तिकिटे गोळा करू लागले, तर त्यांच्यावर रागावण्याआधी औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे. औषध स्वतःहून बंद करू नये.

पहिले बोलणे

सामना चालू असताना, दारू घेतलेली असताना किंवा पैसे गेल्याच्या रात्री बोलू नये. सकाळची वेळ निवडावी, मुलांना बाहेर पाठवावे आणि बोलणाऱ्या व्यक्ती दोनपेक्षा अधिक नसाव्यात. काका-मामांची पंचायत बसवली की खेळणारा माणूस सुटका होण्यासाठी वाटेल ती शपथ घेतो. देवापुढे हात ठेवून घेतलेली शपथ खोटी नसते, पण तिला हत्यार नसते. पत्नीने बोलायचे तर साधारण असे बोलावे: "अहो, मी भांडायला बसलेले नाही. एकूण किती देणं आहे आणि कुणाकुणाचं, ते मला आज कागदावर हवं. रागवायचं ते मी नंतर बघेन." त्यानंतर गप्प बसावे. पहिल्यांदा सांगितलेला आकडा बहुधा अपुरा असतो, म्हणून त्यावर निर्णय घेऊ नये. चार दिवसांनी तोच कागद पुन्हा समोर ठेवावा.

याच बोलण्यात एक प्रश्न टाळू नये: "जिवाचं काही बरंवाईट करावं, असं मनात येतं का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट अडकलेला माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' असेल, किंवा माणूस निरवानिरवीची भाषा बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये, बागेची फवारणीची औषधे त्याच दिवशी कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवावीत, आणि १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करून त्याला रुग्णालयात न्यावे. ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. तातडीच्या प्रसंगी ११२ आहेच.

पैशाच्या वाटा बंद करणे

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि खेळणाऱ्याच्या संमतीने, त्याच्या शेजारी बसून करायचा आहे. हिसकावून घेतलेला मोबाइल दुसऱ्या दिवशी दुसरा येतो. खेळायची इच्छा बहुधा वीस मिनिटे ते अर्धा तास जोरात असते आणि मग ओसरते; तेवढ्या वेळात हाताशी पैसा नसणे, एवढेच आपल्याला साधायचे आहे.

सुरुवात पगाराच्या खात्यापासून करावी. पगार संयुक्त खात्यात किंवा पत्नीच्या खात्याकडे वळेल अशी कायमची सूचना बँकेत द्यावी आणि घरभाडे, हप्ते, शाळेची फी पगाराच्या दुसऱ्याच दिवशी परस्पर जाईल असे करावे. मोबाइलमधली सर्व यूपीआय ॲप उघडून त्यांतले 'ऑटोपे', म्हणजे ठरावीक रक्कम आपोआप कापण्याची दिलेली परवानगी, तपासावेत आणि अनोळखी असतील ते रद्द करावेत. ॲप काढून टाकल्याने दिलेली परवानगी रद्द होत नाही. रोजच्या खर्चासाठी यूपीआय सर्कल ही २०२४ मध्ये आलेली सोय फार उपयोगी आहे. तिच्यात मुख्य खाते पत्नीचे किंवा भावाचे राहते आणि दुसरी व्यक्ती त्यातून पैसे देऊ शकते. एक पर्याय असा आहे की प्रत्येक व्यवहाराला मुख्य खातेदाराची मंजुरी लागते, आणि दुसऱ्या पर्यायात महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतच खर्च करता येतो. अंबडच्या एका फिटरने मला सांगितले की चहाच्या टपरीवर बायकोची मंजुरी येईपर्यंत उभे राहायची लाज वाटायची, पण त्याच लाजेमुळे पहिले तीन महिने निघाले.

क्रेडिट कार्ड बंद करून घ्यावे. 'तुम्हाला दोन लाखांचे कर्ज मंजूर' असे संदेश बँकेच्या ॲपमध्ये येत असतील, तर ते थांबवण्याची लेखी विनंती शाखेत द्यावी आणि पोच घ्यावी. सोने लॉकरमध्ये असेल तर किल्ली माहेरी किंवा थोरल्या जावेकडे द्यावी. सोनेतारण कर्ज अर्ध्या तासात मिळते, हे विसरू नये. घराची कागदपत्रे, पासबुके आणि कोऱ्या धनादेशांचे पुस्तक यांचीही तीच सोय करावी. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे मोबाइलवरच्या ओटीपीने मागवता येतात, म्हणून आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक सध्या कोणाच्या हातात आहे, याचा विचार करावा. भिशीची पाळी या महिन्यात येत असेल, तर भिशीचालकाला सांगून ती रक्कम पत्नीच्या हाती द्यायला लावावी. द्राक्षाचे किंवा कांद्याचे पेमेंट यायच्या आधीच सोसायटीचे पीककर्ज आणि औषधदुकानाची उधारी किती ती रक्कम ठरवून ठेवावी आणि उरलेले दोघांच्या नावे मुदत ठेवीत टाकावे.

हे सगळे एका रविवारी होत नाही. पहिल्या दिवशी यूपीआय आणि पगार, त्या आठवड्यात कार्ड आणि सोने, आणि महिन्याभरात बाकीचे झाले तरी पुष्कळ झाले. खेळणाऱ्याला यात कैदी झाल्यासारखे वाटणार. म्हणून ही व्यवस्था किती महिन्यांसाठी आहे आणि तिचा फेरविचार कोणत्या तारखेला करायचा, ते त्याच्यासमोर कागदावर लिहावे.

कर्जाची यादी

आता कर्ज. वर्षातून एकदा प्रत्येक पतमापन संस्थेकडून आपला पूर्ण अहवाल मोफत मिळतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चौघींचे अहवाल काढले की बँका, वित्तसंस्था आणि नोंदणीकृत कर्जॲप यांची देणी समोर येतात. मित्र, पतसंस्था, दुकानदार आणि सावकार यांची नावे त्यात दिसतीलच असे नाही. ती तोंडी विचारून लिहावी लागतात. यादी झाली की देणी वेगवेगळ्या ढिगांत टाकावीत, कारण प्रत्येकाशी वागण्याची रीत वेगळी आहे.

बुकीचे देणे पहिल्या ढिगात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक असतो, म्हणजे पैजेत जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही. आपल्या भागात तर जुन्या मुंबई प्रांताच्या १८६५ च्या कायद्याने पैजेला पूरक असे करारही निरर्थक ठरवले आहेत. बुकी कोर्टात जात नाही, माणसे पाठवतो, हे मला माहीत आहे. पण घर विकून आधी त्याला द्यावे असे हे देणे नाही. धमकी आली तर फोनवरचे बोलणे आणि संदेश जपून ठेवावेत आणि पोलिसांत जावे.

सावकाराचे देणे दुसऱ्या ढिगात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणे हा गुन्हा आहे आणि परवानाधारकालाही सरकारने ठरवलेल्या दराबाहेर जाता येत नाही. महिन्याला शेकडा दहा लावणारा सावकार कोणत्याही दरात बसत नाही. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. कोऱ्या धनादेशावर किंवा स्टँपपेपरवर सह्या घेतल्या असतील, तर त्यांचे तपशील तक्रारीत जरूर लिहावेत. वकिलाची फी परवडत नसेल तर सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० हा त्यांचा राष्ट्रीय मदतक्रमांक आहे, आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

मोबाइलवरच्या कर्जॲपपैकी जे कोणत्याही बँकेचे किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेचे नाव सांगत नाहीत आणि फोटो पसरवण्याची धमकी देतात, त्यांच्याविरुद्ध १९३० या सायबर मदतक्रमांकावर आणि रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार करावी. नोंदणीकृत संस्थेच्या वसुली प्रतिनिधींनाही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये मनाई केली आहे.

उरलेली बँक, पतसंस्था आणि नातेवाइकांची देणी मात्र खरी आहेत आणि ती फेडायची आहेत, फक्त हप्त्याने. माझ्या टेबलाच्या त्या बाजूचा अनुभव सांगतो. कर्जदार थकल्यावर तोंड चुकवतो, म्हणून संस्था कडक होते. जो स्वतः येऊन उत्पन्नाचा कागद दाखवतो, त्याच्याशी मुदत वाढवण्याची आणि हप्ता कमी करण्याची बोलणी होतात. हप्ता पत्नीच्या किंवा भावाच्या हातून, थेट संस्थेच्या खात्यात जावा. फेडीसाठी रोख रक्कम खेळणाऱ्याच्या हातात कधीही देऊ नये. आणि आई-वडिलांनी निवृत्तीचे पैसे काढून एका दिवसात सगळे मिटवण्याचा आग्रह धरला, तर त्यांना हात जोडून थांबवावे. पैशाच्या वाटा बंद नसताना फेडलेले कर्ज म्हणजे पुढच्या कर्जासाठी मोकळी केलेली जागा असते.

उपचार आणि कायद्याची भीती

त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा आहे. आडगावच्या वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही हा विभाग आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करत आहे. जुगारावर हमखास गुण देणारी गोळी नाही. काही रुग्णांना डॉक्टर नाल्ट्रेक्सोनसारखे औषध देतात, सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्याचेही औषध सुरू करतात, पण मुख्य भर बोलण्याच्या उपचारावर असतो. त्यात 'आता येणारच' सारखे विचार उलगडून दाखवले जातात, कोणत्या वेळी, कोणासोबत आणि कोणत्या मनःस्थितीत हात खेळाकडे जातो याची वही ठेवायला सांगतात, आणि त्या वेळेसाठी पर्याय ठरवतात. सहा-आठ भेटींनंतर फरक दिसला नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात. डॉक्टर बदलावा, उपचार सोडू नये.

नाव बाहेर येईल या भीतीने लोक जात नाहीत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पोलिसांच्या भीतीविषयी सांगायचे, तर आपल्या राज्यात जुगार प्रतिबंधाचा १८८७ चा कायदा लागू आहे आणि अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही त्यात शिक्षा आहे. ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केला. तो कौशल्य आणि नशीब असा भेद करत नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद त्यात आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे, मात्र खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. त्यानंतर मोठ्या ॲपनी पैशाचे खेळ बंद केले, तरी टेलिग्रामवरच्या लिंक आणि परदेशातून चालणारी ॲप उरलीच आहेत. 'संघ निवडणे हे कौशल्य आहे' म्हणणारा मुलगा आता अशा ठिकाणी गेला आहे जिथे तक्रार ऐकायलाही कोणी नाही, हे त्याला शांतपणे सांगावे.

पुढचे वर्ष

कॅलेंडर घ्यावे आणि त्यावर पगाराची तारीख, बोनस, पिकाचे पेमेंट, आयपीएलचा पहिला सामना आणि दिवाळीचा पाडवा यांवर खूण करावी. या प्रत्येक दिवशी संध्याकाळी सहा ते रात्री बारा कुठे असायचे, ते आधी ठरवावे. रात्री दहानंतर मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायची सवय घरातल्या सगळ्यांनीच लावून घेतली, तर एकट्यावर पहारा असल्यासारखे वाटत नाही. ज्या टपरीवर चिठ्ठी घेतली जाते तिच्यावरून कामाला जाणारा रस्ता बदलावा, टिप देणारे व्हॉट्सॲप ग्रुप सोडावेत, आणि पाडव्याला पत्त्यांचा डाव मांडणाऱ्या चुलत भावांना आधीच सांगून ठेवावे की यंदा आम्ही दुपारी जेवून निघणार आहोत.

तरीही एखाद्या महिन्यात हात घसरतो. तसे झाले तर चोवीस तासांच्या आत एका ठरलेल्या माणसाला रक्कम सांगायची, एवढा एकच नियम आधीपासून ठेवावा. ऐकणाऱ्याने त्या वेळी फक्त तीन गोष्टी विचाराव्यात: पैसे कुठून मिळाले, ॲप किंवा माणूस कोणता, आणि त्याआधीच्या तासात काय झाले होते. पहिल्या उत्तरावरून उघडी राहिलेली वाट कळते आणि ती त्याच दिवशी बंद करता येते. त्या फिटरचा सातव्या महिन्यात असाच एकदा तोल गेला. पैसे आले होते जुन्या, विसरलेल्या एका बचत खात्यातून, ज्यात गॅसची सबसिडी जमा होत असे. शिल्लक होती १,८६०. दुसऱ्या दिवशी अर्ध्या रजेवर तो आणि त्याची बायको बँकेत जाऊन ते खाते बंद करून आले, आणि तिने वहीत त्या तारखेसमोर रक्कम आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहून ठेवले.